विहिरीवरचा शनवार

रविवारी सकाळी सहा वाजता आमच्या विहिरीवरची मोटर ओरडायला लागली, की समोरच्या बंगल्यातला कुत्रा आधी भुंकायचा आणि मग बिचकून गाडीखाली जाऊन बसायचा. आवाज कसा, तर पत्र्याच्या डब्यात मूठभर खडी घालून कुणीतरी तो डबा रागारागाने हलवावा, तसा. दहा-बारा मिनिटं हा तमाशा चालायचा. मग घशात अडकलेलं सुटावं तशी ती एकदा खाकरायची, पाणी धरायची, आणि शुक्रवारपर्यंत तिच्यासारखी गरीब गाय सबंध गल्लीत नाही.

पनवेलच्या जुन्या वस्तीत ज्या पाच-सहा घरांच्या मागे अजून विहिरी आहेत, त्यांतलं आमचं एक. नळाचं पाणी एक दिवसाआड, तेही त्याची मर्जी असली तर. म्हणून घरातली खरी कर्ती विहीरच. माणसं तीन. मी, मुलगा आणि सून. नात पुण्याला शिकते, ती फोनवर असते. गच्चीवरची टाकी ऐसपैस, आणि मोटरला मुलाने टायमर लावून दिलेला. सकाळी सहा, संध्याकाळी पाच. कुणी बटण दाबायला नको, कुणी विसरायला नको. मुलगा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीवर मॅनेजर आहे. आठवड्याचे सहा दिवस तो सळया आपटल्याचे आवाज ऐकतो, आणि रविवारी तेवढी शांत झोप मागतो. नेमकी तीच त्याला मिळेना.

पहिल्या रविवारी त्याने स्वतःच पाना हातात घेतला. मोटरखालचे बोल्ट आवळले. दुसऱ्या रविवारी तिच्याखाली रबराची जाड पट्टी सरकवली, तेव्हा आवाज होता तेवढाच राहिला, फक्त मोटर एखाद्या पाहुण्यासारखी गादीवर बसलेली दिसायला लागली. मग त्याने फोन केला ओवे गावच्या फिटरला.

हा फिटर आमच्या गल्लीतल्या सगळ्या विहिरींचा. आधी त्याचा बाप या विहिरींत उतरायचा, आता हा उतरतो. शेत खारघरच्या टॉवरांखाली गेलं, चार पैसे आले, भावांनी गाड्या घेतल्या, गाळे घेतले. याने विहिरी सोडल्या नाहीत. पन्नाशीचा माणूस, बोलतो कमी. मोटरीच्या अंगावर आधी तळहात ठेवतो, डॉक्टर पोरांच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि मगच पेटी उघडतो. आमची ही मोटर त्यानेच बसवली होती, जुनी जळाली तेव्हा.

तो यायचा मंगळवारी नाहीतर बुधवारी. मोटर लावायचा आणि ती गुणगुणायची. "दादा, काय पन नाय हिला," म्हणायचा. तरी मुलाच्या समाधानासाठी त्याने बेअरिंग बदललं, पंख्याचं झाकण काढून साफ केलं, पाइपाच्या जोडांना नवी टेप गुंडाळली. पुढच्या रविवारी सहा वाजता डबा, खडी, कुत्रा, सगळं पुन्हा जिथल्या तिथे.

चौथ्या रविवारी मुलाचा संयम संपला. आमच्या गल्लीचा व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. त्यात एरवी वाढदिवस, कचऱ्याची गाडी आणि हरवलेली मांजरं असतात. त्यावर त्याने लिहिलं: विहिरीच्या कामाला अमुक माणसाला बोलावण्याआधी विचार करावा, काम अर्धवट करून जातो, मग विचारलं की मोटर ठीक आहे म्हणतो. खाली दोन अंगठे उमटले. मग एकीने लिहिलं, "आमचीही मोटर हल्ली गरम होते, आता दुसरा कुणी बघावा लागेल."

या ग्रुपवर मीही आहे. तोही आहे. त्याने वाचलं, हे मुलाने आपल्या फोनवरच्या निळ्या खुणा दाखवल्या तेव्हा मला कळलं.

आता खरं काय ते सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच डोकं खाजवायला नको. मोटर का ओरडते, ते मला दुसऱ्या रविवारीच उमगलं होतं. कारण ओरडायला लावणारी मीच होते. दर शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून झाला, की मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी जायचे आणि टायमरच्या वरचं बटण खटकन बंद करायचे. शनवारी दिवेलागणीनंतर आभाळात तीन चांदण्या मोजल्या, की पुन्हा सुरू. मोटर शनवारभर बंद. टाकीत पाणी भरपूर, त्यामुळे कुणाला काही कळायचं नाही. आणि मुलाला वाटत होतं, टायमर आहे म्हणजे रोज दोन वेळा ती चालतेच.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. आमच्या पूर्वजांचे कोकणात तेलाचे घाणे होते, आणि शनवारी, शब्बाथच्या विसाव्याला, ते घाणा उभा ठेवायचे, म्हणून गावोगावी आम्हाला शनवार तेली म्हणत. हे मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. तेव्हा घरात नवी मोटर आली होती. त्याआधी रहाट होता, आणि शनवारी रहाटाचा दोर गुंडाळून वर टांगलेला असायचा. मोटर आली तेव्हा सासूबाई तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "हा घाणाच आहे. आवाज ऐका ना. शनवारी उभा राहील."

संपलं. पंडित नाही, पुस्तक नाही, कुणाला विचारणं नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांची, टायपिंगच्या दोन परीक्षा पास, आणि जगातलं सगळं शहाणपण माझ्या लांबसडक वेणीत बांधलेलं आहे अशा समजुतीची. जेवताना सगळ्यांसमोर मी म्हटलं, "आई, घाण्याला बैल असायचा. शनवार त्या बैलासाठी होता. मोटरचे कुठे पाय दुखतात?"

सासरे हसले. दीर हसले. आमचे हे ताटात बघून हसले. सासूबाईसुद्धा हसल्या, आणि मला आमटी वाढत म्हणाल्या, "मोटरचे नसतील दुखत. तू बस की जरा." हे त्यांचं दुसरं वाक्य मी ऐकलंच नाही, कारण पहिल्या हशातच मी धन्य झाले होते. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं मी ते माझं वाक्य पाहुण्यांना, पोरांना, नातीला, समोर येईल त्याला सांगत आले. आणि दर वेळी सासूबाईंचं उत्तर गाळून सांगितलं.

बरं, नुसतं बोलून थांबले असते तर गोष्ट वेगळी. पण त्या मोटरीमुळे न्हाणीघरात शॉवर आला होता. पनवेलात तेव्हा आमच्या माहितीत कुणाकडे शॉवर नव्हता. नऊ माणसांच्या घरात शनवारी दुपारपर्यंत टाकी खडखडीत व्हायची, आणि मला नेमके शनवारी दुपारीच केस धुवायचे असायचे, कारण तेव्हा न्हाणीघर रिकामं असायचं. शब्बाथचं जेवण झालं, माशांचं आंबट खाऊन सगळे आडवे झाले, की मी मांजरीसारखी मागच्या दारी जायचे आणि मोटर लावायचे. शेजारी भातगिरणी होती. तिच्या घरघरीत आमची मोटर कुणाला ऐकू येत नसे. पाव तासाने बंद करायचे, आणि मग रिठ्याच्या फेसात शॉवरखाली उभी राहून स्वतःला आधुनिक स्त्री म्हणवून घ्यायचे. गेली कित्येक वर्षं ही आठवण स्वतःशी काढताना मी त्यात तान्ह्या मुलाचे लंगोट घालते. लंगोट धुवायला पाणी नको का, म्हणून लावत होते मोटर, असं. खोटं आहे. लंगोट शुक्रवारीच धुऊन झालेले असत. होते ते केस.

त्या जुन्या मोटरीनेही तेव्हा रविवारी ओरडायला सुरुवात केली होती. दर रविवारी नव्हे. एखादा रविवार ओरडायची, एखादा गप्प. ओव्याहून आताच्या फिटरचा बाप यायचा सायकलवर. काळा, सडपातळ, डोक्याला पंचा. त्याने विहिरीत डोकावलं, पाइपाला कान लावला आणि सासूबाईंना म्हणाला, "बाय, पाइपाचे तलाशी झडप असते. पानी वर चढलेला खाली उतरू नये म्हनून. ती जराशी गलते. रोज मोटार चालली तर कलत नाय, पन तुमी शनवारी बंद ठेवता ना? दीड दिवसात पाइप रिकामा होतो. रविवारी मोटार पान्याऐवजी हवा ओढते, म्हनून बोंबलते. झडप बदलाया पायजे."

झडप बदलायची म्हणजे सगळा पाइप उपसून काढायचा. सासूबाई म्हणाल्या, "आधी खात्री कर. या रविवारी ये आणि माझ्यासमोर दाखव."

तो रविवारी आला. सगळं घर विहिरीभोवती जमलं. मीही, मुलाला कडेवर घेऊन, आदल्या दिवशी धुतलेल्या केसांची सैल वेणी पाठीवर टाकून. त्याने मोटर लावली. मोटर मांजरासारखी गुरगुरली आणि पाणी धरलं. हूं नाही, चूं नाही.

"शनवारभर बंद होती ना?" त्याने विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात शनवारी मोटर लागत नाही. मग तुझी झडप कशी काय गळत नाही रे आज?"

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं, आणि मुलाला काहीतरी बोबडं बोलून मिटलं. त्याने आजूबाजूला पाहिलं. टाकी भरून वाहिली की तिचं पाणी केळीच्या आळ्यात पडायचं. शनवारी मी केसांच्या नादात मोटर बंद करायला उशीर केला होता, आणि केळीखालची माती अजून काळी, ओली होती. त्याने त्या मातीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा मोटरीकडे.

"माजाच चुकला असंल, बाय," तो म्हणाला.

सासूबाई फार बोलल्या त्याला. आता नजर गेली तुझी, कान गेले, उगाच पाइप उपसायला लावत होतास. तो पंचा झटकून सायकलवर बसला आणि गेला. पुन्हा त्याला बोलावलं नाही. दुसरा माणूस आला, त्याने पाइपासकट सगळंच नवं घातलं; त्यात झडपही नवी आली आणि आवाज थांबला. म्हणजे म्हातारा बरोबर होता. हे घरात एकट्या मला कळलं, आणि मी ते केसांसारखंच बांधून ठेवलं. सासूबाई गेल्यावर फार वर्षांनी, त्याचा मुलगा गल्लीत काम करायला लागला तेव्हा, मीच हट्टाने त्याला आमच्या विहिरीवर आणलं. तेवढ्यावर माझं समाधान झालं होतं. माणसाला स्वस्तात समाधान करून घेता येतं.

आणि सासूबाई? त्या गेल्या आणि दुसऱ्याच शनवारी मी सगळ्यांच्या देखत मोटर लावली. छाती पुढे काढून. जणू मी पूल बांधला आणि आता उद्घाटन करते आहे.

मग याच बाईने म्हातारपणी चोरून मोटर बंद का करावी? मला स्वतःलाच त्याचं नीट उत्तर देता येत नाही. दोनेक वर्षांपूर्वी एका शनवारी विजेचं काहीतरी काम निघालं आणि दिवसभर लाइट नव्हती. मोटर नाही, मिक्सर नाही, टीव्ही नाही. मी उगाचच मागच्या दारी जाऊन विहिरीच्या कट्ट्यावर बसले. डाव्या बाजूला, जिथे दगड थोडा झिजलेला आहे. बसल्यावर लक्षात आलं, की ही सासूबाईंची जागा. शनवारी दुपारी त्या इथे बसायच्या, हात मांडीवर उलटे टाकून, काही न करता. मी खिडकीतून बघायचे आणि मनात म्हणायचे, बाईला काम नाही. त्या दिवशी खाली पाणी अगदी आरशासारखं होतं. एरवी आमच्या विहिरीतलं पाणी मी कधी थांबलेलं पाहिलंच नव्हतं. मोटर त्याला सकाळ-संध्याकाळ हलवत असते. त्यात फणसाची फांदी दिसत होती आणि एक पांढऱ्या डोक्याची बाई. बराच वेळ मी तिच्याकडे बघत राहिले.

पुढच्या शुक्रवारी लाइट होती. काचेच्या पेल्यात पाण्यावर खोबरेल तेल घालून दिवा लावला, तो मी कायमच लावते. मग मागच्या दाराशी गेले आणि बटण बंद केलं. त्यात धर्म किती, सवय किती आणि सासूबाईंची आठवण किती, ते मला वेगवेगळं करून दाखवता येणार नाही. पण सांगायचं कसं कुणाला? पन्नास वर्षं ज्या वाक्यावर हशा घेतला, तेच गिळायचं? बावीस वर्षांच्या त्या टायपिस्ट बाईने माझी चांगलीच कोंडी करून ठेवली होती. आणि झडप हळूहळू गळायला लागली, ती याच दोन वर्षांत.

पाचव्या रविवारी फिटर न बोलावता आला, सहाच्या आधी. ग्रुपवरचं वाचूनच आला असणार. विहिरीजवळ उभा राहिला. सहा वाजले, टायमर टिकटिकला आणि मोटर बोंबलली. त्याने तळहात ठेवला, डोळे मिटले, ऐकलं. आवाज थांबल्यावर मुलाकडे वळला.

"दादा, शनवारी मोटार चालते ना?"

"टायमर आहे. चालणारच," मुलगा म्हणाला.

"चालते ना, आजी?" त्याने मला विचारलं.

माझ्या हातात चहाचा कप होता. मी त्यात बघितलं. "टायमर आहे ना," मी म्हटलं. सत्तरी ओलांडलेली बाई, आणि उत्तर बावीस वर्षांचं.

मुलगा म्हणाला, "प्रश्न तुम्ही विचारता. उत्तर पण तुम्हीच द्यायचं असतं. पाच आठवडे झाले."

त्याने मोटरीवरचा हात काढून घेतला. पेटी बंद केली. "मंग माजाच चुकत असंल," म्हणाला आणि निघाला. फाटकाशी थांबून चपलेत पाय सरकवताना त्याचे खांदे हुबेहूब बापासारखे दिसले.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तुम्ही म्हणाल, मग बोलली असेल म्हातारी. नाही बोलले. मी युक्ती काढली. मला वाटलं, शनवारी मोटर बंदच केली नाही तर? रविवारी आवाज होणार नाही, मुलगा खूश, फिटरची इज्जत वाचली, माझी अब्रू झाकलेली. एक शनवार गेला तर सासूबाई काही वरून आमटीची वाटी फेकणार नाहीत. तर त्या शुक्रवारी दिवा लावून मी मागच्या दाराकडे गेलेच नाही. शनवारी सकाळी सहाला मोटर चालली, संध्याकाळी पाचला चालली. मी खोलीत बसून दोन्ही वेळा कान झाकले, हे मात्र कुणाला सांगू नका.

रविवारी सहाला मोटर गुणगुणली. कुत्रासुद्धा गोंधळून फाटकाशी आला.

मुलगा उठून चहाला आला तो मिशीत हसत. "बघितलंस आई? ग्रुपवर लिहिलं की कशी सुधारतात माणसं. गेल्या रविवारी गुपचूप काहीतरी फिरवून गेला असणार. म्हणजे दोष त्याला माहीत होता, मुद्दाम ठेवत होता, पुन्हा पुन्हा बोलवावं म्हणून. आता हे पण लिहितो." आणि त्याने फोन उचललासुद्धा.

फिटरच्या बापाला मी मूर्ख ठरू दिलं होतं. लेकाला तर लबाड ठरवायला निघाले होते.

"फोन खाली ठेव," मी म्हटलं.

"का?"

"खाली ठेव आधी. सांगते."

सांगितलं. शुक्रवारचं बटण, तीन चांदण्या, सगळं. सून भजी तळायची थांबली. मुलगा माझ्याकडे असा बघत होता, की जणू मी चोरून सिगारेट ओढते असं कळलंय.

"आई, तू?" तो म्हणाला. "मोटरचे कुठे पाय दुखतात?"

"माझे दुखतात," मी म्हटलं.

तो हसायला लागला, सून हसायला लागली, आणि तो हशा चांगला पाच मिनिटं पुरला. पन्नास वर्षांपूर्वी मी जो घेतला होता, तोच परत आला, व्याजासकट. हसू ओसरल्यावर तो जरा चिडला. "पाच आठवडे, आई! मी त्या माणसाला काय काय बोललो. तू समोर चहा पीत होतीस."

"म्हणून तर म्हणते, फोन मला दे. माझा दे. मी बोलते ग्रुपवर."

"मी काढून टाकतो ना माझा मेसेज."

"वाचलेला मेसेज काढून काय होतं? मी बोलणार."

आवाज पाठवायचा कसा, ते नातीने शिकवून ठेवलंय. बोट दाबून धरायचं आणि बोलायचं. दोनदा बोट सुटलं. तिसऱ्यांदा सगळं गेलं. "फणसाच्या घरातली आजी बोलते आहे. आमच्या मोटरीबद्दल माझ्या मुलाने जे लिहिलं ते चूक आहे. मोटर शनवारी मी बंद करत होते आणि कुणाला सांगत नव्हते. फिटरने बरोब्बर तोच प्रश्न विचारला, तेव्हा मी खोटं बोलले. त्याच्या कामात काही खोट नाही. तुमच्या मोटरी त्यालाच दाखवा. आणि हसायचं असेल तर खुशाल हसा, मी घरीच आहे."

हसले. दुपारपर्यंत इतके हसरे चेहरे आले, की मला चष्मा पुसावा लागला. मोटर गरम होते म्हणणाऱ्या बाईंनी लिहिलं, "आजी, फिटरला आमच्याकडे कधी पाठवता?" मुलाने खाली एका ओळीत माफी मागितली. फिटरने फक्त अंगठा टाकला. एवढा मोठा माणूस, आणि एक अंगठा.

बुधवारी तो आला, झडप बदलायला. मुलाने रजा घेतली होती. दोघांनी मिळून पाइप ओढून वर काढला, आणि दोघांचेही शर्ट शेवाळाने हिरवे झाले. झडप पितळेची, मुठीएवढी. तिच्या रबराच्या चकतीखाली तांदळाच्या दाण्याएवढा एक खडा अडकून बसला होता. बस, एवढाच. चकती त्यावर टेकायची, पण पुरती मिटायची नाही. त्याने तो खडा माझ्या तळहातावर ठेवला.

मुलगा हात धुवायला गेला, तेव्हा मी म्हटलं, "बस जरा. तुझ्या बापाचं एक सांगायचंय." आणि ते सगळं सांगितलं, रविवार, केळीचं आळं, सासूबाईंचं बोलणं, आणि माझं न बोलणं. इतकी वर्षं मी मनात त्याची तयारी केली होती.

तो पाइपाला टेप गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळता हसायला लागला.

"आजी, ता आमाला म्हायती हाय."

"काय माहीत आहे?"

"बापूस घरी येऊन बोललेला. त्या घरची सून शनवारी चोरून न्हाते, केसांला साबन लावते, आनि बोलनी मी खाल्ली. आमची आय इतकी हसली. मंग आमचे घरात तुमाला तेच नाव. शनवारवाली. आज कोनाकडं चाललास? शनवारवालीकडं."

मी त्या खड्याकडे बघत राहिले. ज्याचं ओझं मी जवळजवळ पन्नास वर्षं एकटीने वाहिलं, ते ओव्यात जेवताना तोंडी लावलं जात होतं. "राग नव्हता त्याला?" मी विचारलं.

त्याने टेपचं टोक दाबून बसवलं. "बाय बोलली त्याचा लागला होता. नजर गेली बोलली, ता लागला. म्हयनाभर दुसऱ्या कुठल्या विहिरीत उतरला नाय. पन तुमचा नाव घेतला नाय भायेर. बोलायचा, लेकुरवाळी पोर हाय, तिला घरात ऱ्हायाचा हाय. मना काय, मी सायकलवरना निगून जातो."

हसण्यासारखं जे होतं ते त्याने आधी सांगितलं आणि हे नंतर, म्हणून मी त्याची आभारी आहे. उलटं सांगितलं असतं तर मला त्यानंतर हसता आलं नसतं.

"म्हणून तू मला विचारलंस? शनवारी चालते ना, आजी?"

"म्हनून तर," तो म्हणाला. "मना वाटला, अजून शनवारी मोटार लावून न्हाताव. उलटाच निगाला."

झडप बसली, पाइप परत उतरला. मुलाने त्याला जेवायला बसवलं, आणि मी वाढताना आमटी दोनदा विचारली.

मुलाचं डोकं लोखंड बाजारात घडलेलं. त्याने लगेच नवा टायमर शोधून काढला, ज्याला वार कळतात. "याला शनवार शिकवता येतो, आई. शुक्रवारी पाचनंतर आपोआप बंद, रविवारी आपोआप सुरू. तुला उठायला नको." मी म्हटलं, राहू दे. त्या यंत्राला शनवार शिकवून काय करायचंय? मला शिकायला पन्नास वर्षं लागली. मी जाईन मागच्या दाराशी.

आता उघडपणे जाते. मुलगा बाहेरच्या खोलीतून ओरडतो, "आई, घाणा थांबला का?" मी ओरडते, "थांबला." शनवारी दुपारी कट्ट्यावर डाव्या बाजूला बसते. केस शुक्रवारीच धुतलेले असतात. मूठभर उरलेत, एका तांब्यात होतात. खाली पाण्यात ती पांढऱ्या डोक्याची बाई असते. तिला मी अधूनमधून विचारते, काय टायपिस्टबाई, बसलात का शेवटी?

रविवारी सहा वाजता मोटर चालू होते. पाइप भरलेला असतो. कुत्रा झोपलेला असतो.